माजघरातील आवाज



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी मला याच इमारतीत मराठी शिकवीत होते. इमारत त्या वेळी कौलारू होती आणि पावसाळ्यात वर्ग मध्येच थांबवावा लागे, कारण कौलांवर पाऊस कोसळू लागला की शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोहोचत नसे. अशा वेळी गुरुजी बोलणे थांबवून टेबलावर बोटांनी मात्रा वाजवीत, आणि कोणते वृत्त ते आम्ही पाटीवर लिहायचे. पाऊस ओसरेपर्यंत हा खेळ चाले. लघुगुरू मी पुस्तकातून शिकलो नाही, त्या बोटांतून शिकलो.

व्याख्यानाचे निमंत्रण देण्यासाठी मंडळी घरी आली तेव्हा त्यांची अपेक्षा स्वाभाविकच संतवाङ्मय, गोमंतकीय मराठीची परंपरा अथवा असाच एखादा विषय मी घेईन अशी होती. मी विषय सांगितला तो घरच्या घरी केलेल्या विद्युत गिटारच्या ध्वनिमुद्रणाचा. क्षणभर सगळे स्तब्ध झाले. एका सद्गृहस्थांनी, मला नीट ऐकू आले नसावे अशा समजुतीने, आपला प्रश्न मोठ्या आवाजात पुन्हा विचारला. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने या विषयाकडे का वळावे, हे पुढे आपोआप स्पष्ट होईल असे वाटते. नाही झाले तर दोष माझा.

माझी मुलगी डिचोलीस असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा नातू, दिवसा एका कारखान्यात नोकरी करतो आणि रात्री गिटार वाजवितो. त्यांचे घर रस्त्यालगत आहे. डिचोली तालुक्यातील रस्त्यालगतचे घर म्हणजे काय, हे त्या भागातील श्रोत्यांना सांगावयास नको. खनिजाचे ट्रक एकामागून एक जाऊ लागले की भांडी मांडणीवर थरथरत आणि पुस्तकांवर लाल धुळीचा थर बसे. २०१२ साली खाणी थांबल्या, त्यानंतर काही काळ चालल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. त्या शांततेत किती घरांच्या चुली मंदावल्या हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. परंतु माझ्या नातवाने गिटार हाती घेतली ती त्या शांततेच्या पहिल्या वर्षांत, एवढे नमूद करतो.

त्याची खोली पाहून मी प्रथम हसलो. दोन भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, खिडकीला जुनी गादी लावलेली, आणि मागच्या भिंतीला माझी पुस्तके. निवृत्तीनंतर जागेअभावी मी ती मुलीकडे पाठविली होती. "आजोबा, ही पुस्तके नेऊ नका हं," तो म्हणाला, "सपाट भिंतीवरून आवाज एकदम परत येतो. पुस्तके कमीजास्त जाडीची असली की तो विखुरतो." माझा पीएच.डी.चा प्रबंध त्या रांगेत मधोमध होता. छत्तीस वर्षांत त्याचा कोणाला उपयोग झाल्याचे प्रत्यक्ष पाहिले ते त्या दिवशी.

आता विद्युत गिटारविषयी थोडे सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांचा, माझा होता तसाच, समज असेल की साध्या गिटारला वीज जोडली की ती विद्युत गिटार होते. तसे नाही. साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ पोटातून येतो. विद्युत गिटार बहुधा भरीव लाकडाची असते आणि नुसती छेडली तर जेमतेम शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू येते. तिच्या तारांखाली लोहचुंबक असतात व त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलते आणि वेढ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच. अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास अशी गिटार प्रथम बाजारात आणली, कारण वाद्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे बिचाऱ्या गिटारचा आवाज कोणाला ऐकूच येत नसे.

या रचनेतून एक गोष्ट निघते, आणि मला ती फार अर्थपूर्ण वाटते. विद्युत गिटारला हवेची गरज नाही. तारेचे कंपन थेट विजेत उतरते, वीज केबलमधून एका लहानशा पेटीत जाते आणि तेथून संगणकात. मधे माइक नाही. त्यामुळे बाहेर ट्रक जावो, कुत्रे भुंको, कौलांवर पाऊस कोसळो, यांतले काहीच त्या मुद्रणात येत नाही. घुमटाचे तसे नाही. २०१९ साली गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित झालेल्या आपल्या घुमटाचा आवाज मातीच्या मडक्यातून आणि ताणलेल्या चामड्यातून हवेत उतरतो. तो पकडायचा तर माइक हवा, आणि माइक म्हटला की शेजारच्या कुकरची शिटीही त्यात आली. म्हणजे गजबजलेल्या घरात निवांतपणे मुद्रित करता येण्याजोगे वाद्य कोणते, तर ज्याला आपण सर्वांत गोंगाटाचे समजतो ते! आमच्या पिढीने गोंगाटाविषयी तरुणांना जी व्याख्याने दिली, त्यांत ही माहिती नव्हती.

मात्र या वाद्यालाही एक शत्रू आहे, तो म्हणजे घरातील वीज. आपल्याकडील विद्युत्प्रवाह सेकंदाला पन्नास आंदोलने करतो, आणि गिटारचे वेढे ती आंदोलनेही इमानेइतबारे पकडतात. ट्यूबलाइट लावली की हेडफोनमध्ये भुंग्यासारखी घूं ऐकू येते. १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. त्यांनी दोन वेढे शेजारी ठेवले, त्यांची गुंडाळणी उलट आणि चुंबकही उलट. तारेचा आवाज दोन्हींत मिळून दुप्पट होतो, बाहेरची घूं परस्परांस छेद देऊन नाहीशी होते. नातवाची गिटार एकेरी वेढ्यांची, म्हणून तो दिवे मालवून अंधारात वाजवितो. अर्थिंगचीही त्याला काळजी घ्यावी लागली. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग कोरडे पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून एप्रिल-मेमध्ये रोज बादलीभर पाणी ओतायचे, हे जुन्या वायरमनचे शहाणपण त्याने घरात पुन्हा सुरू केले. आधी मुलीला वाटले, तो तुळशीला पाणी घालू लागला. तिचा आनंद दोन दिवस टिकला.

केबलमधून थेट आलेला गिटारचा आवाज ऐकावा तर तो डासाच्या गुणगुणण्यासारखा निर्जीव लागतो. आपल्या कानांवर तिचा जो आवाज बिंबला आहे तो अर्धा ॲम्प्लिफायरचा आणि त्यापुढच्या स्पीकरचा असतो. बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार आंदोलनांच्या वरचे स्वर फारसे बाहेर टाकीतच नाही, म्हणून तीक्ष्णपणा गळून जातो. आता हे काम संगणकातील प्रणाली करते. एखाद्या देवळाच्या चौकात एकच टाळी वाजवावी आणि तिचा विरत जाणारा घुमारा मुद्रित करावा. त्या एका टाळीत त्या चौकाचा संपूर्ण स्वभाव उतरलेला असतो. मग कोठेही वाजविलेला आवाज गणिताने त्या टाळीतून गाळून काढला की तो त्या चौकात वाजल्यासारखा ऐकू येतो. स्पीकरचाही असाच ठसा घेता येतो. ही टाळी कृपया लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे मला परत यायचे आहे.

आणि ते प्रसिद्ध 'डिजिटल' म्हणजे काय? वर्षानुवर्षे मी व्यासपीठांवरून सांगत आलो की डिजिटल मुद्रण म्हणजे आवाजाचे तुकडे, आणि तुकड्यांच्या मधला प्राण गळून जातो. टाळ्याही मिळवल्या. नातवाने मला शांतपणे बसवून समजावले. सीडीच्या पद्धतीत सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविली जाते. त्याच्या पेटीत पायऱ्या एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक आहेत. यातले 'तुकडे' मला आपल्या मात्रांसारखे वाटले. उच्चारात अक्षराला हजार छटा असतात, आपण मात्र लघूला एक, गुरूला दोन एवढेच मोजतो. "म्हणजे मधले गेलेच की," मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "नाही आजोबा. मोजण्याच्या वेगाच्या निम्म्याहून वरचा स्वर आधीच गाळून ठेवला, तर त्या मोजण्यांतून मूळ लाट जशीच्या तशी पुन्हा काढता येते. मधले काही जात नाही." माणसाचा कान वीस हजार आंदोलनांच्या पलीकडे ऐकत नाही आणि ४४,१०० चे निम्मे त्याहून अधिक. पायऱ्यांमुळे काही फरक पडतोच, पण तो अगदी बारीक खसखशीच्या रूपाने, प्राण गळण्याच्या रूपाने नव्हे. माझी ती व्याख्याने चुकीची होती, हे येथे जाहीरपणे सांगितले पाहिजे. लघुगुरूंशी केलेली तुलनाही, खरे तर, बरोबर नाही. पण ती मला सोडवत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. वाजविलेला स्वर पेटीतून संगणकात जाऊन पुन्हा वादकाच्या कानी येईपर्यंत किंचित उशीर होतो. २५६ मोजण्यांचा गट धरला तर अशा एका गटालाच सुमारे सहा सहस्रांश सेकंद लागतात. हवेत ध्वनी एवढ्या वेळात दोन मीटर चालतो. दशावतारात पायपेटीवाला पात्रापासून याहून जवळ क्वचितच बसतो आणि तरी कोणी बेताल होत नाही. मात्र हे जाणे-येणे दुप्पट-तिप्पट झाले की हात अडखळू लागतात.

घरात मुद्रण करणे ही आजची टूम आहे असे समजू नये. भारतातले पहिले व्यापारी मुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास केले ते हॉटेलातील खोलीत. गौहरजान भोंग्यासमोर उभ्या राहून गायल्या. विजेचा संबंधच नव्हता, वीज मुद्रणात आली १९२५ नंतर. तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत. त्या तीन मिनिटांत राग उभा करावयाचा म्हणजे काय मावते यापेक्षा काय गाळायचे याचाच निर्णय मोठा. केसरबाई केरकर, आपल्या पेडण्यातील केरीच्या नव्हेत, फोंड्याच्या केरीच्या, यांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांची आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. नातवाच्या संगणकात अशी हजारो मिनिटे पडून असतात. एकेक ओळ तो वीस-पंचवीस वेळा वाजवितो आणि कोणती ठेवायची ते ठरवीत नाही. जागेचा धाक नसला की निर्णयाचा धाकही उरत नाही, हे माझे मत त्याला पटत नाही. मीही ते सोडलेले नाही.

विद्युत गिटारच्या घरगुती मुद्रणाचा मूळ पुरुष म्हणजे लेस पॉल. हॉलिवुडमधील आपल्या गराजमध्ये त्यांनी एकावर एक आठ गिटारी स्वतःच वाजवून एक गीत तयार केले. १९४८ साली ते प्रसिद्ध झाले. चुंबकीय फितीवर नव्हे, तबकड्यांवर: एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत वाजवीत दुसरी कोरायची, चूक झाली की पुन्हा आरंभापासून. पुढे १९७९ साली तेआक कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र वाटा मुद्रित करणारे यंत्र काढले आणि ही कला सामान्यांच्या घरी आली. आणि ती शापोरा नदीच्या पलीकडच्या काठावर, चोपड्यासमोर शिवोलीला आली. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' हा आपला संच राहत्या घरी चार वाटांच्या कॅसेटयंत्रावर मुद्रित केला. वाद्ये स्वतः वाजवली, गायले स्वतः, आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोहोचविल्याही स्वतः. मुंबईच्या कंपन्यांनी दार उघडण्याची वाट न पाहता गोव्याच्या एका गावातील घरातून गाणे बाहेर पडू शकते, हे तेव्हा दिसले. मी त्या वेळी नदीच्या या बाजूला होतो आणि माझ्याही हातात कॅसेटयंत्रच होते. मात्र मी त्याचे जे केले ते आता सांगतो.

१९८३ पासून तीन वर्षे मी प्रबंधासाठी पेडणे तालुक्यात हिंडत होतो. विषय स्त्रियांची जात्यावरील व धालोतील गीते. कोरगाव, पार्से, मांद्रे, धारगळ. मेहुण्याने आखातातून आणलेले कॅसेटयंत्र बरोबर असे. बायका आधी लाजत, मग गात. रात्री घरी येऊन मी कंदिलाच्या उजेडात शब्द वहीत उतरवीत असे, आणि वहीत उतरले की तीच कॅसेट पुसून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी नेत असे. कॅसेट महाग होती, पगार लहान होता, हे खरे. पण खरे कारण तेवढेच नव्हते. माझ्या लेखी वाङ्मय म्हणजे शब्द. आवाज हा शब्द वाहून आणणारा हमाल, ओझे उतरले की त्याला निरोप द्यायचा. चाळीसहून अधिक बायकांचे आवाज मी याप्रमाणे स्वतःच्या हाताने पुसले. त्यांच्यापैकी आज कोणी हयात असल्याचे मला माहीत नाही.

याच सुमारास पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ जात्यावरच्या ओव्या जमवीत होते. त्यांचा संग्रह एक लाखाच्या वर गेला. १९९० च्या दशकात बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि त्यातील काही हजार ओव्या गाणाऱ्यांच्या आवाजात मुद्रित झाल्या. २०१७ पासून त्या लोकांपुढे आल्या आहेत. त्यांत ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि आवाज आहे. तो संग्रह मी प्रथम ऐकला त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांच्या नावाने आज आपण जमलो आहोत त्या गुरुजींचा आवाजही आपल्यापैकी कोणाजवळ नाही. त्यांच्याविषयीचे लेख आहेत, छायाचित्रे आहेत.

माझ्या एका पेटीत एक कॅसेट उरली होती. ती उरली याचे श्रेय मला नाही. तिच्या एका बाजूवर आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरून लागलेला नाट्यसंगीताचा कार्यक्रम मी घेतला होता, तो मोडवेना म्हणून कॅसेट बाजूला ठेवली होती. दुसऱ्या बाजूवर काय आहे याचा मला विसर पडला होता. दोन वर्षांपूर्वी नातवाने ती पाहिली. फितीला बुरशी आली होती. त्याने ती हाताने हळूहळू फिरवून, कापसाने टिपून साफ केली, जुने कॅसेटयंत्र मिळवून त्याच्या मुद्रणमुखाचा कोन स्क्रूने जुळविला आणि गिटारच्याच त्या पेटीला जोडले. नाट्यसंगीत संपले. त्याने बाजू पालटली. प्रथम जात्याची घरघर आली, मग घड्याळाचे पाच ठोके आणि मग माझी आई गाऊ लागली. आई १९९४ साली गेली.

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पण थोड्याच वेळात काहीतरी खटकू लागले. आवाज आईचा होता आणि नव्हताही. तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा वाटत होता, जाते पण घाईत फिरत होते. नातवाने कारण ओळखले. त्या काळी यंत्र सेलवर चाले. सेल उतरले असता मुद्रण करताना फीत हळू सरकते आणि पुढे ती योग्य वेगाने लावली की सगळेच चढे आणि जलद ऐकू येते. किती चढे, हे कशावरून ठरवायचे? मला आईचा आवाज आठवतो, पण आठवण हे मोजमाप नव्हे. त्याने मला विचारले, "ते घड्याळ कुठे आहे?"

घड्याळ कोरगावच्या घरी माजघराच्या भिंतीवर आजही आहे. वेळ ते आपल्या मर्जीने दाखविते, पण ठोके देते. घड्याळ पुढे-मागे चालले तरी त्याच्या ठोक्याचा स्वर बदलत नाही, कारण तो पोलादी तारेच्या वेटोळ्याचा असतो. आम्ही दोघे पेडण्याला आलो. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्या घरात एकटी असते. नातवाने माइक लावला, पंखा बंद करविला आणि आम्ही पाच वाजण्याची वाट पाहत बसलो. मग दोन्ही ठोक्यांची तुलना केली. कॅसेटवरचा ठोका जवळजवळ अर्ध्या स्वराने चढा होता, म्हणजे वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक. तेवढा वेग कमी केला आणि आई परत आली. वयाने साठीच्या आसपासची, किंचित घोगरी, श्वास घेताना थांबणारी. अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जाते आता नीट फिरते."

मग आम्ही शब्द ऐकू लागलो. प्रबंध मी बरोबर आणला होता. तीच ओवी छापलेली, माझ्या आईची म्हणून नव्हे, 'कोरगाव, वय सुमारे साठ' एवढ्याच नोंदीने. छापलेल्या ओवीत 'नदी' असा शब्द आहे. आई गात होती 'न्हंय'. मी पुन्हा लावण्यास सांगितले. पुन्हा 'न्हंय'. त्या काही मिनिटांत अशी तीन स्थळे निघाली. तिन्ही ठिकाणी तिने म्हटलेला कोंकणी शब्द माझ्या वहीत मराठी होऊन बसला होता.

हे अनवधानाने झाले, असे मला म्हणता आले असते. ते खरे नाही. तो प्रबंध मी लिहीत होतो ती १९८५-८६ ची वर्षे. राजभाषेच्या प्रश्नाने गोव्यात घरेही दुभंगली होती. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेत राजभाषा विधेयक संमत झाले. आम्हा मराठीच्या अभ्यासकांना त्या दिवसांत पुरावा हवा होता की आमच्या आयाबहिणी जात्यावर मराठी गातात. त्या गातही होत्या, याविषयी माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. पण पुरावा निर्भेळ असावा अशी मला इच्छा होती, आणि वहीत उतरविताना हात त्या इच्छेप्रमाणे चालला. मराठी ओवीच्या मधोमध आईने 'न्हंय' म्हटले तेव्हा तिची भाषा बदलली नव्हती. ती तिची एकच भाषा होती. तिचे मी शुद्धलेखन केले. आईच्या ओवीची दुरुस्ती आता मला करता येते, कारण कॅसेट उरली. त्या चाळीसहून अधिक बायकांच्या ओव्यांत मी कोठे कोठे हात चालविला हे कळण्याचा मार्ग मीच बंद करून ठेवला आहे. प्रबंधाची जी प्रत या शाळेच्या ग्रंथालयात आहे, तिच्या प्रारंभी या मजकुराचे एक पान मी आज चिकटवून दिले आहे.

आता शेवटचा भाग. दोन महिन्यांनी नातू म्हणाला, पणजीच्या आवाजाखाली गिटार वाजवून पाहू का? मी स्पष्ट नकार दिला. तो वाद आमच्यात पावसाळाभर चालला. त्याचे म्हणणे असे, की पेटीत पडून राहिलेला आवाज आणि पुसलेला आवाज यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने अंतर काय? माझे म्हणणे, एकदा मी तिचे शब्द सुधारले, आता तू तिचे स्वर सुधारणार. यावर तो उठून गेला. रागावला असे वाटले, पण आठ दिवसांनी त्याने मला खोलीत बोलाविले. मूळ मुद्रण त्याने तीन ठिकाणी जसेच्या तसे, घड्याळाच्या ठोक्यांसह आणि खरखरीसह ठेवले होते. त्याच्यावर काही करायचे नाही, अशी चिठ्ठीही लावली होती. मग त्याने दुसरे ऐकविले.

गिटारच्या पट्ट्या ठरावीक बारा स्वरांवर बांधलेल्या असतात, आणि आईचा स्वर त्यांतल्या कोणावरच बसत नाही. त्याने आईला गिटारशी जुळविले नव्हते, गिटारच्या तारा उतरवून आईशी जुळविल्या होत्या. पट्ट्या टाळण्यासाठी बोटात काचेची नळी घालून तारेवरून घसरत वाजविले होते. आई गात असताना तो वाजवीतच नाही. ती थांबते, पीठ सारते, मूठभर दाणे टाकते, त्या अवकाशात दोन-तीन स्वर येतात आणि जाते पुन्हा फिरू लागले की विरतात. आणि ती टाळी! कोरगावला घड्याळाची वाट पाहत असताना त्याने माजघरात एक टाळी वाजवून मुद्रित केली होती. डिचोलीच्या गोधड्या लावलेल्या खोलीत, दिवे मालवून वाजविलेली गिटार त्याने त्या टाळीतून गाळून माजघरात आणून बसविली होती. मला ते सर्व पटले असे नव्हे. एके ठिकाणी एक स्वर जास्त आहे असे माझे अजूनही मत आहे. पण मी नकार मागे घेतला.

ते बाहेर कोणाला ऐकवावे का, हा प्रश्न उरला. आईला कोणी विचारले नव्हते, यंत्र समोर ठेवताना मीही नाही. तेव्हा अक्काला विचारायचे ठरले. तिने दोन्ही ऐकले, आधी नुसते, मग गिटारसह. बराच वेळ ती काही बोलली नाही. शेवटी नातवाला म्हणाली, "आई असती तर चिडली असती. वाजवल्याबद्दल नव्हे रे. पहाटेची एवढी वीज जाळल्याबद्दल." मग तिने विचारले, शाळेत लावणार असाल तर मला पुढच्या रांगेत बसता येईल का.

ती पुढच्या रांगेत बसली आहे. नातू यंत्रापाशी तयार आहे. व्यवस्थापकांना विनंती की त्यांनी पंखे चार मिनिटे बंद करावेत. आधी नुसता आवाज लागेल, नंतर गिटारसह. आरंभी जात्याची घरघर, मग पाच ठोके. त्यानंतरच्या दुसऱ्या ओवीत 'न्हंय' आहे.